नायट्रो गट कुठे बसणार?

बेन्झीनच्या वलयावर आधीच एक गट असेल, तर नवा गट त्याच्या शेजारी (ऑर्थो), एक सोडून (मेटा) की बरोबर समोर (पॅरा) बसणार, हे तो जुना गट ठरवतो. पण ऑर्थो-पॅरा आणि मेटा गटांची नुसती यादी घोकत बसू नकोस. मीही तेच केलं होतं, आणि ॲनिलीनने (अमिनो गट असलेलं बेन्झीन) तोंडघशी पाडलं. अमिनो गट ऑर्थो-पॅरावाला, मग ॲनिलीनच्या थेट नायट्रेशनमध्ये (म्हणजे नायट्रो गट जोडताना) ४७ टक्के मेटा कुठून येतं? तीव्र आम्लात अमिनो गट प्रोटॉन घेऊन ॲनिलिनियम होतो, आणि हा धनभारित गट वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून नायट्रो गटाला मेटाला पाठवतो. म्हणून आधी ॲसेटिक ॲनहायड्राइड वापरून ॲसेटानिलाइड करायचं, म्हणजे अमिनो गट झाकायचा, मग नायट्रेशन, शेवटी जलअपघटनाने तो परत मोकळा करायचा. मग मुख्यतः पॅरा मिळतं.

दुसरं म्हणजे क्रम. टोल्युईनचं (मिथाइल गट असलेलं बेन्झीन) आधी नायट्रेशन करून पॅरा वेगळं काढलं आणि मग परमँगनेटने ऑक्सिडीकरण केलं, तर पॅरा-नायट्रोबेन्झोइक आम्ल. उलट केलंस तर मेटा, कारण ऑक्सिडीकरणाने मिथाइलचा झालेला आम्ल गट मेटाला पाठवतो. रसायनं तीच! पेपरात इथेच मार्क जातात.

क्लोरीनचं मात्र तिरपागडं आहे. वलय मंद करतो, तरी पाठवतो ऑर्थो-पॅरालाच. का, ते कळायला मधल्या कार्बोकॅटायनच्या (अभिक्रियेत मध्येच तयार होणारा धनभारित रेणू) तिन्ही रचना हाताने काढ. ऑर्थो-पॅरा हल्ल्यात धनभार क्लोरीनच्या कार्बनवर येतो आणि क्लोरीन आपली एकाकी जोडी देऊन त्याला सावरतो. मेटात ते जमतच नाही.