डंजन क्रॉल स्टोन सूप या कॉम्प्युटर गेममध्ये जड हत्याराचा वार हळू पडतो, मग हँडॲक्सच ठेवावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं पात्र मिनोटॉर बर्सर्कर आहे (बैलाच्या डोक्याचा, संतापून लढणारा), ॲक्सचं म्हणजे कुऱ्हाडीचं स्किल ९ आहे, बॅटलॲक्स ही मोठी कुऱ्हाड सापडलीय, पण तिचा वार हळू म्हणून छोटी हँडॲक्स सोडवत नाही. ढालीचंही विचारलंय. बॅटलॲक्स घ्या. आत्ताच घ्या, स्किल वाढायची वाट बघू नका. नेमक्या याच जागी खेळातला माझा एक चांगला गडी दुसऱ्याचं ऐकून मेलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

गणपतीत आम्ही सगळे लालबागला मामाकडे असतो. आरती झाली की मोठी माणसं मांडवात जातात आणि आम्ही भावंडं पोटमाळ्यावर. त्या वर्षी माझा मिनोटॉर ओर्किश माइन्समध्ये, म्हणजे ओर्क राक्षसांच्या खाणीत पोचला होता. तुमच्यासारखंच स्किल ९, हातात बॅटलॲक्स. मामेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, हा खेळ मला शिकवला त्यानेच. तो मागून वाकून बघत होता. स्क्रीनवर टाइमच्या पुढे कंसात शेवटच्या चालीला लागलेला वेळ दिसतो ना, तिथे दर वाराला १.२ येत होतं, मध्येच १.३. दादाने त्यावर बोट ठेवलं. "तू एकदा कुऱ्हाड फिरवेपर्यंत समोरचा मारून मोकळा. हँडॲक्स काढ." मी काढली. कंसात ०.८, ०.९ यायला लागलं. "बघ आता!" सगळी भावंडं ऐकत होती, मी काय बोलणार.

पुढच्या वळणावर दोन ओर्क वॉरियर. बर्सर्क झालो, म्हणजे थोडा वेळ बेभान होऊन जोरात लढायचं. वार भराभर पडत होते, पण ओर्क वॉरियर चिलखतात असतो, आणि आर्मर प्रत्येक वारातून वेगळा हिस्सा कापतं. छोट्या वारातून तो कापला की हातात काही उरतच नाही. बर्सर्क संपला, अंगात सुस्ती आली, दोघेही उभेच. दादा म्हणाला, "नशीब खराब."

नशीब नव्हतं. कांदिवलीला घरी आल्यावर मी वीजबिलाच्या मागे पेन्सिलने हिशोब मांडला. १० एकक म्हणजे एक टर्न. बॅटलॲक्सचा मूळ डिले, म्हणजे एका वाराला लागणारा वेळ, १७, हँडॲक्सचा १३. स्किलच्या दर दोन पातळ्यांमागे दोघींचा डिले एकेकाने उतरतो. स्किल ९ ला साडेचार उतरले, अर्धा कधी इकडे धरतात कधी तिकडे, म्हणून ते १.२ आणि १.३. म्हणजे बॅटलॲक्स सरासरी साडेबाराला एक वार, मूळ डॅमेज, म्हणजे एका वाराचा मार, १५. हँडॲक्स साडेआठला एक, डॅमेज ७. डॅमेजला डिलेने भागून बघा: १.२ आणि जेमतेम ०.८२. आर्मर अजून धरलंच नाही. अगदी स्किल शून्य असतानाही बॅटलॲक्सच पुढे. दादा ज्या आकड्यावर बोट ठेवत होता तो वेळेचा आकडा होता, माराचा नाही.

फोनवर हे सांगितलं तर दादा डॅगरवर, म्हणजे खंजिरावर आला. डॅगरचा डिले शॉर्ट ब्लेड्सचं (छोट्या पात्यांचं) स्किल १० झालं की ५ वर येतो, टर्नला दोन वार. मान्य. पण डॅमेज ४, म्हणजे पुन्हा ०.८. डॅगर झोपलेल्याच्या पाठीत खुपसायला आहे. चिलखतवाल्यासमोर ती घेऊन उभं राहायचं नाही.

तुम्ही स्किल २० पर्यंत न्या, तिथे बॅटलॲक्सचा डिले ७ वर येतो आणि त्याखाली जात नाही. मग ॲक्सचं स्किल थांबवून फायटिंग आणि आर्मरची स्किल्स वाढवा. आवृत्तीगणिक आकडे थोडे हलतात, पण इन्व्हेंटरीत (जवळच्या वस्तूंच्या यादीत) हत्यार उघडलं की किमान डिले कोणत्या स्किलला मिळेल ते तिथेच लिहिलेलं असतं.

हां, एक राहिलं. बॅटलॲक्सचा नेम हँडॲक्सपेक्षा वाईट आहे, वार चुकतात. ती दोन हातांची, त्यामुळे ढालीचा विषय तिथेच संपतो. आणि तुमची हँडॲक्स +६ वगैरे असेल तर तो बोनस प्रत्येक वाराला मिळतो, तेव्हा फरक कमी होतो. मग स्वतः भागाकार करून ठरवा. पण साधी हँडॲक्स असेल तर तिच्यावर अडून राहू नका, कुणीही मोठं माणूस मागे उभं राहून काहीही सांगो.

ते वीजबिल मी जपून ठेवलंय. दादा दोन वर्षं पुण्यात होता, यंदा गणपतीला लालबागला येतोय. पोटमाळ्यावर सगळे जमले की त्याच्या हातात देणार आहे.