प्लाझ्मा पेटतो, पण बायस कुठे गेला?

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत १३.५६ मेगाहर्ट्‌झवर चालणारा अरगॉन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) आहे. मॅचिंग युनिट (जनरेटरची पॉवर प्लाझ्मात नीट पोहोचवणारा डबा) दुरुस्त होऊन आल्यापासून प्लाझ्मा झकास पेटतो, परावर्तित (जनरेटरकडे परत येणारी) पॉवर शून्य. पण पूर्वी उणे २८० व्होल्टच्या आसपास येणारा सेल्फ-बायस (इलेक्ट्रोडवर आपोआप तयार होणारं डीसी व्होल्टेज) आता जवळपास शून्य. दाब, पॉवर तीच. काय बिघडलं असेल?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : गॅसच्या मागे लागू नका, मॅचिंग युनिटचा डबा उघडा. आधी जनरेटर बंद, प्लग बाहेर, कपॅसिटर डिस्चार्ज. मग मल्टिमीटरचं एक टोक इलेक्ट्रोडला, दुसरं चेंबरच्या बॉडीला. ‘बीप’ वाजला, म्हणजे दोन्ही थेट जोडलेले निघाले, तर चोर सापडला.

माझंही एकदा असंच झालं. आठ दिवस हेलियम घेऊन गळती शोधत बसलो. शेवटी झाकण काढलं, तर इलेक्ट्रोडच्या वाटेतला जळका कपॅसिटर काढून दुरुस्तीवाल्याने तिथे तांब्याची पट्टी जोडलेली! बिचाऱ्याला वाटलं, करंट जायला वाट हवी.

नको होती ती वाटच. अरगॉनचा आयन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३,००० पट जड. इलेक्ट्रोड धन होताच इलेक्ट्रॉन धावून येतात, आयन रेंगाळतात. लहान इलेक्ट्रोडवर हा ऋण भार साठत जातो. एका आवर्तनात येणारे इलेक्ट्रॉन आणि आयन सारखे झाले की थांबतो. भार साठतो कारण वाटेतला तो कपॅसिटर (ब्लॉकिंग कपॅसिटर) डीसीला, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाला, अडवतो. त्याच्या जागी पट्टी लावली की भार मॅचिंग युनिटच्या कॉइलमधून सरळ अर्थला. मग प्लाझ्माचंच व्होल्टेज वर चढतं आणि सॅम्पलऐवजी चेंबरच्या भिंती मार खातात.

परावर्तित पॉवरवर मात्र विसंबू नका. १००० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर १३.५६ मेगाहर्ट्‌झला जेमतेम १२ ओहम अडथळा करतो. तो गेला तरी ट्यूनिंगची चकती थोडी फिरवली की सगळं आलबेल दिसतं.

नवा कपॅसिटर फार लहानही नको. १० सेंमी व्यासाचा इलेक्ट्रोड आणि ३ मिमी जाडीची शीथ (इलेक्ट्रोडलगतचा, इलेक्ट्रॉन कमी असलेला थर) धरली, तर शीथची धारिता साधारण २३ पिकोफॅरॅड भरते. कपॅसिटरही तेवढाच असेल, तर निम्मं आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) व्होल्टेज त्यानेच खाल्लं. आरएफ करंटसाठी बनवलेला मायका घ्या. साधा डिस्क कपॅसिटर तापून फुटतो.

बायस मोजताना मीटर थेट लावू नका, आरएफने तो वेड्यासारखे आकडे दाखवतो. मध्ये चोक (आरएफ अडवणारी कॉइल) आणि त्यापुढे अर्थला छोटा कपॅसिटर हवा. आणि झाकणाचे सगळे स्क्रू परत लावा. आम्ही दोनच लावले होते, तर बाहेर झिरपलेल्या आरएफने शेजारच्या टेबलावरचा डिजिटल तापमापक नाचायला लागला.