डार्सी गर्विष्ठ की मानी?

जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीचा नायक डार्सी याला मराठी अनुवादात ‘गर्विष्ठ’ म्हणावे की ‘मानी’, असा प्रश्न आला आहे. हा वाद केवळ शब्दांचा नाही. त्याला गर्विष्ठ म्हणणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने नायिका एलिझाबेथने त्याची लग्नाची मागणी नाकारल्यानंतर तो मुळापासून बदलतो आणि म्हणूनच तिच्याशी लग्न करण्यास पात्र ठरतो. मानी म्हणणाऱ्याच्या दृष्टीने तो पहिल्यापासून सज्जनच असतो, बदलते ती तिची नजर.

कादंबरीत आधार दोघांनाही आहे. आपल्याला चांगली तत्त्वे शिकवली गेली, पण ती आपण गर्वाने पाळत राहिलो, अशी कबुली डार्सी स्वतःच देतो. उलट, त्याला चार वर्षांचा असल्यापासून ओळखणारी पेम्बर्ली या त्याच्या वाड्याची कारभारीण सांगते, की तो इतर तरुणांसारखी बडबड करत नाही, एवढ्यावरूनच लोक त्याला गर्विष्ठ ठरवत असावेत. अशा माणसाला आपण बोलताना ‘शिष्ट’ म्हणतो. ‘शास्’ धातूवरून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ शिकलेला, वळण लागलेला. बोलीत मात्र तो चारचौघांत न मिसळणाऱ्याला चिकटला. पहिल्या नाचाच्या रात्री डार्सीला पाहणाऱ्या एलिझाबेथच्या शेजाऱ्यांच्या तोंडी मी हाच शब्द घालेन.

खरी कसोटी शेवटी लागते. लग्नाला वडिलांची संमती मिळवताना एलिझाबेथ म्हणते, की त्याच्या ठायी ‘अनुचित’ असा ‘प्राइड’ नाही. तिथे ‘अनुचित गर्व’ लिहिले, तर वाक्य कोसळते, कारण काळजीपूर्वक लिहिलेल्या मराठीत गर्व कधी उचित नसतोच. (‘मला गर्व आहे’ ही हिंदीच्या प्रभावाने रुळलेली रचना मी येथे धरत नाही.) ‘अभिमान’ मात्र भाषेचाही असतो आणि संपत्तीचाही, म्हणजे तो स्तुतीत आणि निंदेत सारखाच चालतो. म्हणून मूळ गुणासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘अभिमान’ हाच शब्द ठेवावा, आणि ‘गर्विष्ठ’, ‘शिष्ट’ हे शब्द त्याच्याविषयी बोलणाऱ्यांच्या तोंडी द्यावेत, असे माझे मत आहे.

‘मानी’ मी डार्सीसाठी वापरणार नाही. स्वतःचा अवमान सहन न करणारी व्यक्ती मानी, आणि त्याने माझा अभिमान दुखावला नसता तर त्याचा अभिमान मी सहज माफ केला असता, असे म्हणणारी एलिझाबेथच या कादंबरीत त्या शब्दाची खरी धनी आहे.