गेममधलं जग पार्कमध्ये उभं केलं, तर खरंच गेममध्ये शिरल्यासारखं वाटतं का?

तुम्ही विचारलंय की जपानमधल्या ओसाकाच्या, मारिओ या व्हिडिओ गेमवरच्या पार्कचे व्हिडिओ बघून मुलगा हट्टाला पेटलाय, तर तिथे खरंच गेममध्ये गेल्यासारखं वाटतं की ती फोटो काढायची महागडी जागा आहे? आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईत असं काही होऊ शकेल का?

कळव्यात खारेगावला आमचा गाळा आहे. गणपतीचे हलते देखावे, मॉलमधली सुट्टीची सजावट, लग्नाचे सेट, जे येईल ते करतो. त्यामुळे उत्तर थोडं मिस्त्रीच्या नजरेतून येईल, चालवून घ्या.

आधी आमची फजिती. २०१९ च्या मे महिन्यात नवी मुंबईतल्या एका मॉलने मधल्या चौकात ‘गेमची दुनिया’ उभारायचं काम दिलं. थर्माकोलवर आदल्या वर्षीच बंदी आलेली, म्हणून प्लाय आणि फायबरमध्ये सगळं केलं. डोंगर, ढग, कुंपण, आणि वर टांगलेले पिवळे खोके, त्यांवर मोठं प्रश्नचिन्ह, मारिओच्या गेममध्ये खालून उडी मारून ठोकले की आवाज करून नाणं देतात तसले. रंगकाम असं झालं होतं की आम्हीच आमच्यावर खूश. पहिल्या संध्याकाळी सहा-सात वर्षांचा एक मुलगा आला, त्याने उडी मारून खोक्याला खालून बुक्की घातली. काही झालं नाही. पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, हा खराब आहे.”

खोका मुळीच खराब नव्हता, त्यावर दोन हात पुट्टी आणि तीन हात रंग होता. पण त्या पोराचं बरोबर होतं. मारल्यावर वाजत नाही तो खोका खराबच. त्या रात्री दोन खोक्यांत लिमिट स्विच, म्हणजे धक्का लागला की चालू होणारं बटण, आणि घरच्या दारावरची टिंग-टाँग बसवली. दुसऱ्या दिवशी बाकी डोंगर-ढग ओस आणि त्या दोन खोक्यांखाली रांग. रविवारी त्यातला एक वायरीवर लोंबकळत होता, कारण आम्ही तो बघण्यासाठी बनवला होता, मार खाण्यासाठी नाही.

मेहुणा कोबेला असतो, म्हणून २०२३ च्या दिवाळीत मुलगी आणि भाच्याला घेऊन ओसाकाला जाणं झालं. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओजमधला हा मारिओचा भाग मार्च २०२१ मध्ये उघडला. तशीच जागा २०२३ मध्ये अमेरिकेत हॉलिवूडला झाली आणि २०२५ मध्ये ऑर्लँडोच्या नव्या एपिक युनिव्हर्स पार्कमध्ये. तुम्ही हिरव्या पाइपातून चालत आत शिरता, तो पाइप राजकन्येच्या महालात निघतो, आणि महालाबाहेर पाऊल टाकलं की समोर सगळा पसारा एकदम उघडतो. चारही बाजूंनी उंच बांधकाम, त्यामुळे पार्कचा बाकीचा भाग नजरेला पडत नाही. डोंगरावर कासवं मागे-पुढे चालतायत, नाणी गरगर फिरतायत. हे बघून मला हसूच आलं, कारण हा सरळसरळ आपला हलता देखावा! आम्ही गाडीच्या वायपरची मोटर लावून उंदराची मान हलवतो, त्यांनी तेच शंभरपट पैसा ओतून केलंय.

पण मी तडक गेलो तो पिवळ्या खोक्याकडे. मनगटावर एक पट्टा बांधायचा असतो, ‘पॉवर-अप बँड’. सुरुवातीला त्याची किंमत ३२०० येन होती, आणि तो तिकिटात धरलेला नाही, ही सोय त्यांची. आत मेट्रो कार्डासारखी चिप असते. खोक्याला खालून हात मारला की तोच गेममधला आवाज येतो आणि तुमच्या नावावर नाणं जमा होतं, जे फोनच्या ॲपवर दिसतं. मी त्या खोक्याला इतक्या वेळा मारलं की मुलगी लाजून बाजूला जाऊन उभी राहिली. हलला नाही पठ्ठ्या. रोज हजारो लोकांच्या बुक्क्या खाऊन कोपरा उडालेला नाही, की रंगाचा टवका नाही. मला त्या पार्कमधली खरी कारागिरी तिथे दिसली.

पुढे ठिकठिकाणी छोटे खेळ आहेत. एका ठिकाणी मांसाहारी झाड झोपलेलं असतं आणि आजूबाजूची गजराची घड्याळं वाजायला लागतात. ते जागं व्हायच्या आत सगळ्यांनी मिळून घड्याळांवर हात मारून ती बंद करायची. ओळख ना पाळख, भाषा कळत नाही, तरी एक जपानी आजी माझ्या भाच्याला ओरडून दाखवत होती की ते बघ, ते राहिलं! असे तीन खेळ जिंकून तीन किल्ल्या मिळाल्या की शेवटी छोट्या खलनायकाशी लढायला मिळतं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, पण मुख्य राइडमुळे नाही. मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवरून केलेल्या राइडला सगळे धावतात. डोक्यावर टोपीसारखी पट्टी, तिला चष्मा अडकतो, चष्म्यातून समोरच्या खऱ्या सेटवर चित्रातले शत्रू दिसतात, मान वळवून नेम धरायचा आणि बटण दाबून गेममधल्यासारखं कासवाचं कवच त्यांच्यावर फेकायचं. तंत्र म्हणून दंडवत. पण गाडी चालते बैलगाडीच्या वेगाने. स्टिअरिंग हातात असून गाडी आपल्या मार्गाने जाते, आणि ज्या पोराने घरी हाच गेम भन्नाट पळवलाय त्याला ते लगेच कळतं. भाचा बाहेर आल्यावर म्हणाला, “रांग जास्त भारी होती.” रांग बाऊजरच्या, म्हणजे गेममधल्या मोठ्या खलनायकाच्या, किल्ल्यातून जाते, आणि खरंच भारी आहे.

अडचण इथेच आहे. सिनेमावरून राइड करणं सोपं, कारण सिनेमात आपण बसूनच असतो. गेममध्ये उडी आपण मारतो, चुकतो आपण, मरतोही आपण. कळवा स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक रुपयाचं नाणं टाकून ‘मुस्तफा’ हा मारामारीचा गेम खेळणारा पोरगा पडद्यावरची चित्रं बघायला जात नसे. राइडमध्ये मात्र सुरक्षेसाठी माणसाला बांधूनच ठेवावं लागतं. मग गेममधलं काय उचलायचं? नुसतं नाव उचललं तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये आहे. तिथला २००४ चा एक गोल फिरणारा रोलर कोस्टर २०१० मध्ये सॉनिक या गेमच्या हिरोच्या नावाने रंगवला. काही वर्षांनी सॉनिकची पाटी उतरली आणि जुनं नाव परत आलं. कोस्टर तोच. चायनीजच्या गाडीवर ‘शेजवान डोसा’ लिहिलं म्हणून ते उडप्याचं हॉटेल होत नाही.

याउलट ओसाकालाच डिसेंबर २०२४ मध्ये डाँकी काँग या गोरिलाच्या गेमवरचा भाग उघडला. मी गेलो तेव्हा तो नव्हता, याची चुटपुट आहे. त्या गेममध्ये खाणीतली ढकलगाडी तुटलेल्या रुळावरून उडी मारून पलीकडे पडते. खरी गाडी अशी उडवली तर हाडं मोजावी लागतील. म्हणून त्यांनी दिसणारे रूळ नुसते दाखवायला ठेवलेत. खरा मार्ग खाली लपवलेला आहे आणि गाडी एका दांड्यावर त्यावरून पळते. तुम्हाला दिसतं की रूळ संपले, पोटात गोळा येतो, आणि गाडी पलीकडे जाते. म्हणजे गेममधलं चित्र उचलण्याऐवजी तो धसका उचललाय.

आता आपल्याकडचं. तीन अडचणी मला रोजच्या कामातून माहीत आहेत.

गेमच्या मालक कंपनीचा परवाना ही सगळ्यात मोठी. त्या मॉलवाल्यांना मारिओच हवा होता. मी म्हटलं, तसा करता येणार नाही. तर त्यांचा माणूस म्हणाला, टोपीचा रंग बदला. अहो, टोपी हिरवी केली तर मारिओचा भाऊ लुईजी होतो! टोकियोत मारिओचे कपडे भाड्याने देऊन रस्त्यावर गो-कार्ट चालवणाऱ्या कंपनीवर मारिओची मालक कंपनी निन्टेन्डोने खटला भरला होता, आणि २०२० मध्ये तिथल्या कोर्टाने ५ कोटी येन भरपाई द्यायला लावली. शेवटी आम्ही आमचाच हिरो केला, लाल टोपीचा कोळी, पाठीवर टोपली, टोपलीत खेकडे. पाइप म्हणून ड्रेनेजचा मोठा काळा पाइप आणून हिरवा रंगवला. दिवसभर मुलं त्यातून सरपटत होती, एकानेही मारिओ कुठाय म्हणून विचारलं नाही.

दुसरी, पाऊस. ओसाकाचा तो भाग बराचसा उघड्यावर आहे. आपल्या चार महिन्यांच्या धारेत स्विच, सेन्सर, स्पीकर गंजून जातील. इथे करायचं तर छपराखालीच.

तिसरी, देखभाल. ओसाकाच्या त्या भागाला ६० अब्ज येनच्या आसपास खर्च आल्याचं बातम्यांत होतं, म्हणजे तेव्हाच्या भावाने चारेक हजार कोटी रुपये. तेवढे कुणी काढलेही, तरी आपण उद्घाटनाला फुलं लावतो आणि नंतर बल्ब बदलत नाही. नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, लोक हौसेने फोटो काढतात, कारण दगडाला फक्त उभं राहायचं असतं. रोज हजार बुक्क्या खाणाऱ्या खोक्याला रोज रात्री तपासणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार कुठल्याच कोटेशनमध्ये धरलेला मी पाहिलेला नाही.

म्हणून चार हजार कोटींचं आपल्याकडे होईल असं मला वाटत नाही. एखाद्या मॉलच्या मजल्यावर आपलीच गोष्ट, आपलेच खोके, दहा-बारा खेळ, एवढं नक्की होईल, आणि मी ते उद्या करायला तयार आहे. गेल्या वर्षी नौपाड्यातल्या एका मंडळाच्या देखाव्यात मी एक बटण ठेवलं होतं, दाबलं की उंदीर मोदक घेऊन पळायचा. कार्यकर्ते वैतागले, कारण दर्शनाची रांग पुढे सरकेना.

ओसाकाला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा. गर्दीच्या दिवशी त्या भागात शिरायला वेगळी वेळ घ्यावी लागते. आणि दोन मुलं असतील तर पट्टे दोन घ्या. मी काटकसर करून एकच घेतला होता. नाणी सगळी भाच्याच्या नावावर जमा झाली, आणि मुलगी परतीच्या विमानात माझ्याशी बोलत नव्हती.