संग्रहालयातील लघुरेल्वेची मांडणी: नव्या सहकाऱ्यास सल्ला

आपण १:८७ हे एचओ प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या प्रतिकृतीचे माप, निवडलेत, हे योग्यच झाले. १:१६० च्या एन प्रमाणात जागा वाचते, परंतु काचेपलीकडच्या मुलांना त्यातील बारकावे नीट दिसत नाहीत. देखाव्यापेक्षा रुळांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण इंजिनाला वीज रुळांतून चाकांमार्फत मिळते आणि तेथे धूळ वा काजळी साचली की गाडी नेमकी पाहुण्यांसमोरच अडखळते. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. सँडपेपर मुळीच वापरू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ लवकर धरतो. वीज पुढे नेण्यासाठी रुळांच्या सांध्यांवर विसंबून न राहता ठरावीक अंतरावर स्वतंत्र वीजतारा जोडाव्यात. दोन-तीन इंजिने आलटूनपालटून चालवावीत. बोगद्यात हात पोहोचेल अशी फट मात्र आधीच ठेवावी. माझी गाडी बहुधा तेथेच घसरत असे.