‘सई’ म्हणजे सखी की सती?

प्रश्न : मुलीचं नाव ‘सई’ ठेवायचं घाटतंय. कुणी अर्थ सखी सांगतं, कुणी सती. सासूबाई म्हणतात, हे तर साईबाबांचं नाव. खरं काय? इंग्रजीत कसं लिहावं?

उत्तर : सई म्हणजे सखी, मैत्रीण. संस्कृत ‘सखी’तल्या ख-चा प्राकृतात ह झाला आणि ‘सही’ हे रूप आलं. पुढे तो ह-ही गळाला आणि मराठीत ‘सई’ उरली. लिख्‌चं लिहिणं झालं, दधिचं दही झालं, ते याच वाटेने. जात्यावरच्या ओव्यांत ‘सये’, ‘सयांनो’ अशी हाक ऐकू येते, ती हिलाच.

सतीचा अर्थ अगदी हवेतून आलेला नाही. प्राकृतात दोन स्वरांमधला त गळतो, म्हणून ‘सती’चंही ‘सई’ होतं. एवढंच कशाला, ‘शती’चंही तेच होतं! सातवाहन राजा हालाच्या ‘गाथासप्तशती’चं, म्हणजे सातशे गाथांच्या संग्रहाचं, प्राकृत नाव ‘गाहासत्तसई’. तिथली सई म्हणजे शंभर. नावांच्या याद्या करणारे हे सगळं एकत्र कालवतात. मराठी बोलण्यात मात्र सई टिकली ती मैत्रीण म्हणूनच. बारशाला तोच अर्थ सांगा.

साईबाबांशी या नावाचा संबंध नाही. संभाजी महाराजांच्या आई सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. त्या १६५९ साली राजगडावर वारल्या. शिर्डीचे साईबाबा एकोणिसाव्या शतकातले. शिवाय ‘साई’ची व्युत्पत्ती सहसा ‘स्वामी’वरून सांगतात.

घोळ होतो तो इंग्रजीत. एस-ए-आय लिहिलंत की महाराष्ट्राबाहेर हमखास ‘साई’ वाचतात, आणि दक्षिणेत ते मुलग्यांचंही नाव असतं. त्यापेक्षा एस-ए-ई-ई बरं. मराठीत शेवटची ई दीर्घच, ‘सइ’ चूक.

जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव ठरलं नसेल तर नावाविना नोंद होते. १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दाखला हातात घेण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने वाचा. ‘सई’चं ‘साई’ टाइप होणं नेहमीचंच, आणि आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे हेच स्पेलिंग उतरतं.