नागपुरातल्या डेटावाल्यांसाठी नियमित ऑनलाइन चर्चा कशी चालवावी?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातल्या डेटा आणि अ‍ॅनालिटिक्सवाल्यांसाठी दर आठवड्याला ऑनलाइन चर्चा सुरू केली, सुरुवातीला गर्दी झाली, मग लोक गळत गेले. आता अ‍ॅप कोणतं घ्यावं, वेळ कोणती ठेवावी आणि वक्ते कुठून आणावेत, असं विचारताय. मी अशी एक चर्चा बऱ्याच काळापासून चालवतो, म्हणून लिहितोय. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो: वक्ते आणूच नका.

वक्ता आला की बाकीचे माइक बंद करून जेवायला बसतात. चाळीस मिनिटं स्लाइड, मग "काही प्रश्न?", मग शांतता. तसली भाषणं यूट्यूबवर ढिगाने पडली आहेत. माणसं येतात ती आपल्यासारखंच काम करणारा दुसरा काय करतो हे ऐकायला. त्यासाठी प्रश्न असा हवा की प्रत्येकाला स्वतःच्याच कामातून उत्तर द्यावं लागेल. "डेटा क्वालिटीचं महत्त्व" असा विषय ठेवला की सगळे माना डोलावतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. त्याऐवजी विचारा, "तुमच्या रिपोर्टमध्ये अ‍ॅक्टिव्ह ग्राहक म्हणजे कोण?"

आमच्याकडे या एका प्रश्नाला तास अपुरा पडला. रिटेलवाला म्हणाला, 90 दिवसांत एक तरी बिल. बँकेतला म्हणाला, आमच्याकडे दोन वर्षं खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय, हे रिझर्व्ह बँकेनेच ठरवून दिलंय. बचत खात्यात बँकेने टाकलेलं व्याज त्यात धरत नाहीत. टेलिकॉममध्ये काम केलेल्या एकीने सांगितलं की ट्राय या दूरसंचार नियामकाच्या मासिक अहवालात मोबाइलच्या एकूण जोडण्या वेगळ्या आणि सक्रिय वेगळ्या असतात. सक्रिय मोजताना व्हीएलआर, म्हणजे नेटवर्कवर प्रत्यक्ष हजर असलेल्या क्रमांकांची नोंद बघतात आणि महिन्यात ज्या दिवशी ती सर्वाधिक भरते त्या दिवसाचा आकडा घेतात. मग बुटीबोरीच्या एका कारखान्यात एमआयएस, म्हणजे साहेबांसाठीचे नियमित रिपोर्ट, बघणाऱ्या ताई बोलल्या, "आमच्याकडे तर सेल्सचा अ‍ॅक्टिव्ह वेगळा अन् अकाउंट्सचा वेगळा. दर मीटिंगला भांडण होऊन राहिलं." सेल्सवाले ऑर्डर आल्याची तारीख धरायचे, अकाउंट्सवाले बिल फाडल्याची. पुढच्या वेळी ताईंनी सांगितलं की आता रिपोर्टात दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात, "ऑर्डर देणारे" आणि "बिल झालेले" अशा नावांनी. अ‍ॅक्टिव्हचा कॉलमच काढून टाकला. हे कुठल्या वक्त्याने शिकवलं नसतं.

कुणाच्या कामातून प्रश्न निघालाच नाही, तर जगजाहीर घोटाळे आहेत. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या 15,841 रुग्णांची नोंद रोजच्या आकड्यांतून गळली, कारण प्रयोगशाळांचा डेटा एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ओढला जात होता. त्या फाइलमध्ये 65,536 पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत. रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध तेवढा उशिरा सुरू झाला. ही गोष्ट दोन मिनिटांत सांगा आणि विचारा, "तुमच्याकडे फाइल अशी कापली गेली तर कुठल्या टप्प्यावर, कुणाला कळेल?" नव्या एक्सेलची मर्यादा 10,48,576 ओळींची आहे, म्हणून निर्धास्त बसलेले लोक या प्रश्नावर जागे होतात.

वेळेचं सांगायचं तर दर आठवड्याला झेपत नाही, पंधरवड्याला ठीक. महिन्याच्या 1 ते 7 तारखेत क्लोजिंग, म्हणजे मागच्या महिन्याचा हिशेब बंद करणं, आणि एमआयएसमुळे कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. रात्रीची वेळ चांगली वाटते, पण मिहानच्या आयटी कंपन्यांतले आणि घरून काम करणारे बरेच जण तेव्हा अमेरिकेच्या क्लायंटबरोबर कॉलवर असतात. आम्ही दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी अकरा असं ठेवलंय; तर्री-पोहे आटोपलेले असतात, जेवण व्हायचं असतं. बोलत नसाल तर माइक बंद, हा नियम एरवी सौजन्याचा. मे महिन्यात मात्र प्रत्येकामागे कूलर घरघरत असतो, तेव्हा त्याच्याशिवाय एक वाक्य ऐकू येत नाही.

अ‍ॅप कुठलंही चालेल. झूमचा फुकटचा कॉल 40 मिनिटांत तुटतो, गूगल मीटचा तिघांपेक्षा जास्त असले तरी तासभर चालतो. तो तास म्हणजेच आमची वेळमर्यादा. पैसे भरून लांबवू नका.

चालवण्याची एक युक्ती मात्र पाळाच. प्रश्न मांडला की दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चॅटमध्ये आपलं उत्तर टाइप करून ठेवायचं आणि तुम्ही "पाठवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम एंटर दाबायचं. असं केलं नाही तर बारा-पंधरा वर्षं अनुभवाचा एखादा भाऊ आधी बोलतो आणि बाकीचे "सरांनी सांगितलं तसंच" म्हणून मोकळे होतात. एकदम पाठवलं की वेगळं उत्तर उघडं पडतं, आणि पहिली हाक ते देणाऱ्यालाच मारायची. बोलताना मराठीची हिंदी होणार, नागपूरच आहे, अडवू नका.

दुसरं, कंपनीचा डेटा. स्क्रीन शेअर करायची तर चर्चेसाठी बनवलेली वेगळी, पाच-दहा बनावट ओळींची फाइल उघडायची. "नावं काढून टाकली आहेत" यावर विश्वास ठेवू नका. एक्सेलची पिव्हट टेबल, म्हणजे डेटाची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता, नुसती दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवली तरी तिच्यासोबत मूळ डेटाची प्रत येऊ शकते. एकूण बेरजेच्या घरावर दोनदा क्लिक केलं की नवी शीट उघडते आणि सगळ्या ओळी, ग्राहकांच्या मोबाइल नंबरसकट, समोर. लोकांना हे एकदा करून दाखवा, पुन्हा सांगावं लागत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण नोकरी त्याच्या आधी जाते. रेकॉर्डिंग करू नका. लाल ठिपका दिसला की माणसं पत्रकार परिषदेसारखं बोलतात. त्याऐवजी त्याच दिवशी ग्रुपवर पाच-सहा ओळींचं टिपण टाका: प्रश्न काय होता, उत्तरं कोणती आली, कशाचा उलगडा झाला नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून आकडे काढायचा कोड, टाकायची तर फोटो काढून नव्हे, मजकूर म्हणून.

क्लासवाल्यांना आणि नोकरीच्या जाहिरातींना पहिल्या दिवसापासून बंदी. फ्रेशर मुलांचे प्रश्न खरे असतात, पण त्यांच्यासाठी तीन महिन्यांतून एक वेगळी बैठक ठेवा, नाहीतर प्रत्येक चर्चा "पायथन शिकू की पॉवर बीआय?" वर येऊन थांबते.

आमची सगळ्यात गाजणारी बैठक पोळ्याच्या आसपासची. मारबत, म्हणजे वाईट गोष्टींचा पुतळा, गावाबाहेर नेतात त्या मिरवणुकीत "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणतात ना, तसं प्रत्येकाने कुणीच उघडत नसलेला आपला एक रिपोर्ट आणायचा आणि तो बंद करता येईल का ते बोलायचं. बंद करण्याआधी कुणाला विचारायचं, शेवटचा कधी उघडला गेला हे कुठून बघायचं, आणि साहेबांनी फक्त ऑडिटसाठी ठेवलाय का, यावर इतके अनुभव निघतात की तास कधी संपला कळत नाही.

सहा-सात जण बोलते असले की पुरे, बाकीच्यांची हजेरी घेऊ नका. आणि लगेच सुरू करायचं असेल तर हा प्रश्न घ्या: "मागच्या महिन्याचा रिपोर्ट आज पुन्हा चालवला तर तोच आकडा येईल का?" मागच्या तारखेने टाकलेल्या एंट्र्या, परत आलेला माल, रद्द झालेली बिलं, बदललेला ग्राहकाचा गट, सगळं यातून बाहेर पडतं. अकाउंट्समधलं कुणी असेल तर त्यांना आवर्जून बोलवा. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं सक्तीचं आहे, आणि ती नोंद कुठे सापडते हे डेटावाल्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असतं.